लवणीवरचा हात

संपादकांना बाटलीवर लेख हवा होता. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून तिला वारसा पेय ठरवलं, आणि आता मोठ्या शहरांतल्या बारमध्ये तिची कॉकटेलं बनतात. या प्रवासावर लिहा, असं ते म्हणाले. मी एप्रिलमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवर गेले आणि एका मडक्यापाशी अडकले.

भट्टीच्या आधी वास भेटतो. डोंगर उतरतानाच बोंडांचा गोड, किंचित कुजकट दरवळ नाकात भरतो. झाडावरून तोडलेलं बोंड फेणीला चालत नाही. ते पिकून आपणहून पडावं लागतं आणि पडलं की त्याच दिवशी उचलावं लागतं. बायका सकाळीच काजूखाली वाकतात, बोंड पिळून बी वेगळी करतात. बी विकायची, बोंडं कोळंबीत ओतायची. कोळंबी म्हणजे कातळात खोदलेलं किंवा बांधून काढलेलं उथळ कुंड. त्यात पायांनी बोंडं मळतात, उरलेल्या चोथ्याची ढेप वेलीने बांधून वर दगड ठेवतात. त्यातून हळूहळू पाझरणारा रस म्हणजे नीरो. तो प्यायचा. मी दोन पेले प्यायले, जीभ दिवसभर तुरट होती.

काजूचं झाड मुळात ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते इथे आणलं. नारळाच्या सुरेची फेणी दक्षिण गोव्यात त्याच्याही आधीपासून निघत होती. 'फेणी' हे नाव फेसावरून आलं असं सांगतात, आणि भट्टीवर ते पटतं, कारण दारूची ताकद आजही फेसावरूनच पाहतात.

भट्टीवाले काका साठी ओलांडलेले. कमरेला पंचा, हाताला काळी माती. आंबलेला रस तांब्याच्या भाणात, म्हणजे उकळायच्या भांड्यात, भरून त्यांनी लाकडाचं बूच ठोकलं, त्याला चिंधी गुंडाळली आणि वारुळाची माती भिजवून फटी लिंपल्या. बोटाने लिंपण दाबत ते भाणाभोवती दोनदा फिरले. कुठून तरी वाफ सुटली आणि त्यांनी न बघताच तिथे मातीचा गोळा चिकटवला. भाणातून नळी निघते ती थेट लवणीत. लवणी म्हणजे मातीचं गोल, जाड मडकं. वाफ तिच्यात शिरते आणि बाहेरून पाणी ओततात म्हणून आत निवते. यंत्र म्हणावं तर एवढंच.

पण हे पाणी थांबून चालत नाही. काका नारळाच्या करवंटीच्या दवलीने पाणी घालत होते आणि मधूनमधून लवणीवर तळवा टेकवत होते. मी विचारलं, कशासाठी? "बाय, हात लाव." मी लावला. एका बाजूला कोमट, दुसऱ्या बाजूला चटका बसेल इतकं गरम. "ही बाजू तापली, म्हणजे आग जास्त झाली. वाफ निवायच्या आधीच निघून जाते, फेणी करपते." त्यांनी भट्टीतलं एक लाकूड मागे ओढलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. पुन्हा तळवा टेकवून ते म्हणाले, "आता गप्प झाली."

पहिल्या उतारात येतो तो उर्राक, सौम्य, फक्त मार्च ते मेचा पाहुणा. लिंबू, सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून गोवेकर तो दुपारी पितात. उर्राकात पुन्हा रस मिसळून उतरवला की फेणी. ताकद मोजायला काचेचं मापक आहे, त्यावर ग्राव वाचतात; फेणी १९-२० ग्रावची. काकांकडेही मापक होतं, चौकटीवर लटकवलेलं. त्यांनी आधी करवंटीत उंचावरून धार सोडली, मण्यांसारखे बुडबुडे किती टिकतात ते पाहिलं आणि मगच मापक काढलं. दोन्हींचं उत्तर जुळलं. मला त्या क्षणी खरंच भरून आलं.

शेजारच्या भट्टीत मात्र लवणी नाही. तिथे तांब्याची गुंडाळी पाण्याच्या टाकीत बुडवलेली आहे. वाफ तिच्यातून फिरत निवते, हात लावावा लागत नाही. एक माणूस दोन भट्ट्या सांभाळू शकतो. गुंडाळीची फेणी वाईट म्हणता येणार नाही. लवणी वापरणारा हट्टी आहे, असंही म्हणता येईल. पण लवणी घडवणारे कुंभार कमी होत आहेत आणि काकांच्या कोपऱ्यात शेवटची चांगली लवणी उपडी ठेवली होती. दुसरीला केसाएवढा तडा होता.

अडचणी विचारल्या तेव्हा काका आधी पावसाबद्दल बोलले. मोहोराच्या वेळी ढग आले की ढेकण्या ही कीड येते, फुलोरा करपतो. पडलेल्या बोंडांवर अवकाळी सर आली तर रस पाणचट होतो. मग बोलले माणसांबद्दल. बोंडं वेचायला मजूर मिळत नाहीत. दोन-अडीच महिन्यांच्या कामासाठी वर्षभर कोण थांबणार? काजूच्या बागांचे विभाग अबकारी खातं लिलावात देतं, ती रक्कम हंगामाआधी भरावी लागते आणि झाड किती देणार हे कोणालाच ठाऊक नसतं. सगळ्यात कडवट ते भेसळीबद्दल बोलले. बाहेरून आणलेला स्वस्त मद्यार्क फेणीत मिसळून विकतात, आणि पहिल्यांदा पिणारा माणूस तीच चव फेणीची समजतो. "मग माझी त्याला जड लागते," ते म्हणाले.

मानांकनाची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती. कात्रण घरात जपून ठेवलेलं आहे. त्यांची फेणी अजूनही काचेच्या मोठ्या गराफांवात भरून गावातच जाते, बाटलीबंद होत नाही.

सीमेच्या पलीकडे, महाराष्ट्रात, दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या नामांकित जाती दिल्या आणि सिंधुदुर्गातले डोंगर काजूने भरले. तिकडे बी गोळा होते आणि बोंडांचे सडे झाडांखालीच सडतात. येताना मी ते पाहिलं होतं, तेव्हा नुसता चिखल वाटला होता.

काकांचा मुलगा पणजीला नोकरी करतो. रविवारी येतो, लाकडं फोडून देतो. लवणीला हात लावतो का, असं मी विचारलं. काका थोडं थांबले. "लावतो. पण लगेच काढतो."

अंधारून आलं तेव्हा त्यांनी तडा गेलेली लवणी उचलली, बोटाच्या पेराने वाजवून आवाज ऐकला आणि पुन्हा होती तिथे ठेवली. मग दवली घेऊन ते पाण्याच्या मडक्याकडे वळले.