मुक्कामी गाडी

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीसारख्या गावाचं घड्याळ वर्षानुवर्षं मुक्कामी एसटीवर चाललं. रात्री गाडी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच पथारी टाकायचे आणि उजाडता उजाडता तीच गाडी कॉलेजची पोरं, दूधवाले, कचेरीतले शिपाई घेऊन धाराशिवला निघायची. सकाळी जा, संध्याकाळी या, एवढ्या कामाला ती पुरेशी होती.

तुळजापूर वाढलं, गावची माणसं तिथे कामाला जाऊ लागली आणि हे गणित चुकलं. लॉज, भक्तनिवास, खानावळी, प्रसादाची दुकानं वाढली. देवीचा दिवस पहाटेच्या चरणतीर्थापासून रात्रीच्या प्रक्षाळपूजेपर्यंत चालतो, आणि हाताखालच्या माणसांचाही तेवढाच लांबतो. पोळ्या लाटणारी बाई सुटते तेव्हा शेवटची गाडी बहुधा गेलेली असते.

इथलं दळणवळण आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नेहमी लांबचा प्रवासी राहिला. निजामाने 1932 साली बस काढली ती रेल्वेखात्यामार्फत. नॅरोगेज रेल्वे येडशीवरून लातूरला जायची. धाराशिव शहर रुळावर आलं ते ब्रॉडगेज झाल्यावर, 2007-08च्या सुमारास. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा 84 किलोमीटरचा रेल्वेमार्ग आखला गेला, तोही भाविकांच्या नावाने. बेंबळी त्या मार्गावर नाहीच.

रोज ये-जा करणाऱ्यांसाठी असलेला एसटीचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर चालतो. पण 17 मार्च 2023पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पासाचा हिशेबच उलटला: सव्वीस दिवस कामाला गेलं तरी तेरा दिवसांचंच भाडं. माझ्या मते अलीकडच्या काळात कामकरी बाईच्या पदरात पडलेली ही सर्वांत मोठी गोष्ट. अर्थात, गाडी असेल तर.

2021च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत ज्यांनी हप्त्यावर मोटारसायकल घेतली, ते परत थांब्यावर कशाला येतील? उरल्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि काळीपिवळी भरायची वाट बघणारे.

नवरात्रात तर गंमतच. यात्रेला जादा गाड्या सुटतात, त्या आगारांतूनच काढलेल्या. मग गावाकडच्या फेऱ्यांना कात्री लागते. ज्या नऊ दिवसांत काम सर्वांत जास्त, त्याच दिवसांत घरी जायची सोय सर्वांत कमी.

रात्री साडेदहाला तुळजापूरहून निघून धाराशिवमार्गे बेंबळीत मुक्काम करणारी एक गाडी हवी. जुनीच मुक्कामी गाडी, फक्त थोडी उशिरा येणारी.