दोनशे ऐंशी दिव्यांचा पडदा

१९८९च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी कंपनीने ‘प्रायव्हेट आय’ नावाची एक डबी आणली. ती एका डोळ्यासमोर धरली की संगणकाचा अख्खा पडदा हवेत दिसे. आडवे ७२० ठिपके, उभे २८०, सगळे लाल. गुणाकार केला तर दोन लाखांवर जातो. डबीत दिवे मात्र २८०च!

उरलेलं काम आरशाचं. एलईडींची एकच उभी रांग, पुढे भिंग आणि थरथरणारा छोटा आरसा. आरसा कलतो तशी रांगेची प्रतिमा बाजूला सरकते आणि प्रत्येक मुक्कामाला वेगळे दिवे पेटतात. सेकंदाला पन्नासेक वेळा हे घडलं की डोळ्याला सलग चित्र दिसतं. जॉन लोगी बेअर्ड यांनी १९२६मध्ये लंडनला फिरत्या चकतीवर दूरचित्रवाणी दाखवली, तीही डोळ्याच्या याच भाबडेपणावर.

डग प्लॅट यांनी प्रायव्हेट आय जोडून अंगावर वागवायचा संगणक घरगुती पद्धतीने बांधला. त्याच धर्तीच्या यंत्रावर एमआयटीतल्या थॅड स्टार्नर यांनी १९९३पासून रोजचं काम सुरू केलं: डोळ्यापुढे लाल अक्षरं, हातात एकहाती कीबोर्ड. पुढे ते गूगल ग्लास या संगणकी चष्म्याच्या चमूत गेले.

असा पडदा घरी बांधायचा तर ठिपक्यांचा पडदा घडवणारा कारखाना लागत नाही. दिव्यांची रांग विकत मिळते. खरी कसोटी वेळेची. स्प्रिंगवर झुलणारा आरसा मधोमध सुसाट असतो आणि टोकांना जवळजवळ थबकतो. दिवे सारख्या वेळाने पेटवले तर कडेची अक्षरं चेपतात, मधली फुगतात. म्हणून ठिपक्यांच्या प्रत्येक उभ्या स्तंभाची वेळ आरशाच्या जागेवरून ठरवावी लागते आणि ती जागा कळायला सेन्सर हवा. सेकंदाचा पन्नासावा भाग ७२० स्तंभांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला २८ मायक्रोसेकंदही येत नाहीत. इतक्या क्षणभर पेटणारा दिवा डोळ्याला दिसायचा तर तो झगझगीतच हवा. शिवाय आरसा हलतो तेव्हा चौकटही उलट दिशेला हलू पाहते. समतोलाला उलटं वजन जोडलं नाही तर कपाळावर गुणगुण सुरू.

लाल रंग ही हौस नव्हती. लाल एलईडी स्वस्त होते. झगझगीत निळे १९९३च्या अखेरीस आले.

१९९५मध्ये निन्टेन्डोने हेच तंत्र ‘व्हर्च्युअल बॉय’ या खेळयंत्रात वापरलं. गुनपेई योकोई यांच्या या यंत्रात दर डोळ्याला २२४ दिवे आणि एक आरसा होता. गंमत म्हणजे डोक्यावर शोभेल असं हे तंत्र कंपनीने दोन पायांच्या स्टँडवर बसवलं. खेळणाऱ्याने वाकून आत डोकावायचं. वर्षभरही ते टिकलं नाही.

आज जुन्या व्हर्च्युअल बॉयमध्ये कधी कधी आडव्या ओळी गायब दिसतात. दिव्यांच्या पट्टीला चिकटवलेल्या रिबन केबलचा गोंद सुटतो, तेवढ्या दिव्यांची जोडणी तुटते आणि एका दिव्यामागे पूर्ण ओळ जाते. हौशी मंडळी यंत्र उघडून ती केबल सोल्डर करतात आणि ओळी परत येतात.