काटेचेंडू

पावसाळा सरला की सोलापूरकडच्या माळावर गवत पिवळे पडते, कुसळे धोतरात घुसू लागतात. त्याच सुमारास गवतातून गुडघा-कमरेइतके उंच, राखाडी रंगाचे एक काटेरी झुडूप डोके वर काढते. शेंड्याला लिंबाएवढा काटेरी गोळा. हा काटेचेंडू, कोणी उत्कटारीही म्हणतात. शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनॅटस. ग्रीक भाषेत ‘एकिनॉस’ म्हणजे अंगावर काटे फुलवून गोल होणारा एक लहानसा प्राणी. नाव अगदी शोभते!

लहानपणी मी त्या गोळ्याला एकच फूल समजत असे. वस्तुतः ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळात एका फुलासारखे दिसते ते बहुधा अनेक पुष्पकांचे स्तबक असते. सूर्यफुलाचे चक्र किंवा रस्त्याकडेची एकदांडी पाहा. काटेचेंडूची मौज अशी की, त्याच्या प्रत्येक स्तबकात पुष्पक असते फक्त एक, पण त्याला स्वतःची काटेरी छदे असतात. अशी कितीतरी एकफुली स्तबके मिळून चेंडू होतो. म्हणजे तो स्तबकांचा स्तबक! पाकळीसारखी किरण-पुष्पके यात नसतातच. पांढरी-निळसर नळीदार फुले शेंड्याकडून खाली उमलत जातात आणि मधमाश्या, मुंग्या त्यांवर गर्दी करतात. फळ पिकले की चेंडू सुटा होऊन एकेक स्तबक आपल्या काट्यांसह गळते.

पाने खोल कातरलेली व टोकांना काटे असलेली. खालून पांढरी लव असते. अशा लवेमुळे पाण्याचे बाष्प कमी उडते. मुरमाड जमीन आणि बेताचा पाऊस त्याला पुरतो. मेंढ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून माळावर काटेचेंडूच फार दिसू लागले, तर कुरण चांगले आहे असे समजू नये. चराई अती होऊन खाण्याजोगे गवत हटल्याची ती खूण असू शकते.

अशा माळाला सरकारी भाषेत ‘पडीक’ म्हणतात. २००० साली निघालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खुरटी झुडपे असलेली जमीन आणि उजाड कुरणेही धरली आहेत. पण लांडगा, काळवीट, खोकड याच पडिकावर जगतात आणि आमची मेंढरेही. गेल्या वर्षी आमच्या गायरानात झाडे लावण्यासाठी खड्डे घेतले. मुरूम वर आला. रोपे वैशाखात वाळली. यंदा त्या जागी कुसळी गवत नाही. खड्ड्यांच्या कडेला चारदोन काटेचेंडू मात्र आले आहेत.