‘निंदणें’ : एक धातु कीं दोन ?

भाद्रपदांत दिग्रसच्या आसपास सकाळीं फिरावयास निघावें, तों बायांचे तांडे शेताकडे जातांना दिसतात. कोठें म्हणून विचारलें तर उत्तर येतें, ‘निंदाले.’ परगांवच्या पंडितानें हें ऐकून कानांवर हातच ठेवावे ! डवऱ्यानें तासांमधील गवत निघालें म्हणजे पऱ्हाटीच्या बुडाशीं जें उरतें तें हातानें, खुरप्यानें काढणें, यास वऱ्हाडांत निंदणें म्हणतात. इतरत्र हीच खुरपणी किंवा भांगलण.

‘दोष देणें’ या अर्थाचें निंदणें संस्कृत निन्द् धातूपासून आलें; धातुपाठांत तो ‘णिदि कुत्सायाम्’ असा पठित आहे. शेतांतील निंदणेंही त्याचेंच, वाईटास बाहेर काढणें या लक्षणेनें आलेलें, असें मी वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. कल्पना गोड, पण खोटी. मनुस्मृतींत (७।११०) तण काढणाऱ्यास ‘निर्दाता’ म्हटलें आहे. निर् + दा, म्हणजे कापून काढणें. पालींतील ‘निद्दायति’ व गुजरातींतील ‘नींदवुं’ हीं त्याच वंशाचीं. ‘र्द’चा ‘द्द’ झाला व पुढें अनुस्वार आला. मार्जाराचें मांजर झालें तसेंच. सबब धातु दोन, उच्चार एक.

निंदा, निंदक, निंद्य हे शब्द पहिल्याचे. निंदण, निंदणी दुसऱ्याचे. कर्म माणूस असेल तर पहिला, शेत वा पीक असेल तर दुसरा. बोलण्यांतून पहिलें क्रियापद बहुतेक गेलें; त्या जागीं ‘निंदा करणें’ आलें. अडचण पडते ती कर्म गाळलेलें असेल तेथें. त्यांतून मोडींत इकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाहीं, आणि अनुस्वारही पुष्कळदां लिहिलेला नसतो.

एका घरच्या जुन्या रोजकीर्दींत ‘निंदणाऱ्या बायांस’ दिलेल्या रकमेची नोंद मला आढळली. तोंडें बंद करण्यासाठींच हें द्रव्य दिलें असें मानून, त्या घराण्याविषयीं कांहीं प्रवाद उठला होता असें टिपण मीं लिहिलें. घरच्या वृद्ध बाईंनीं तें वाचवून घेतलें आणि म्हणाल्या, ‘मास्तर, भादव्यात बायाईले मजुरी नाई देनार तं काय देनार ?’ मिति भाद्रपदाचीच होती. मींच ती उतरून घेतली होती, पण तिच्याकडे पाहिलें नव्हतें.

टिपण फाडलें, परंतु त्याची एक नक्कल तत्पूर्वींच परगांवीं गेली होती. ज्या संग्राहकाजवळ ती असेल त्यांनीं तेवढी ओळ कृपा करून खोडावी.