एल-वन कोण, हे ठरतं कुठे?

टेंडर हातचं गेलेला कंत्राटदार वकिलाच्या ऑफिसात येऊन पहिलं वाक्य बोलतो ते ठरलेलं : ‘साहेब, आपला रेट कमी होता, तरी काम दुसऱ्याला दिलं.’ वकील ऐकून घेतात आणि विचारतात, ‘कागद काय आणलेत?’ मी बाजूच्या खुर्चीत असतो. कायदा माझा प्रांत नाही. दोन्हीकडचे आकडे उकलून वकिलांपुढे मांडायचे, एवढंच माझं काम.

साध्या कामात भांडायला जागा नसते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-वन टेंडरमध्ये अंदाजपत्रकी रकमेच्या किती टक्के ‘बिलो’ की ‘अबव्ह’ एवढंच भरायचं. बारा टक्के बिलोवाला दहावाल्याच्या पुढे, विषय संपला. गुंता होतो तो बांधा आणि पुढे दहा वर्षं चालवून द्या, अशा कामांत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची टेंडरं बहुधा याच घाटाची असतात.

अलीकडे असंच एका नगरपालिकेचं प्रकरण टेबलावर आलं. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केलेत, गणित तेच आहे. आमच्या अशिलाचा दर बांधकामाला ४२ कोटी आणि चालवायला वर्षाला १.८ कोटी. दुसऱ्याचा बांधकामाला ३६ कोटी आणि चालवायला वर्षाला अडीच कोटी. दहा वर्षांची सरळ बेरीज केली तर आमचे ६० कोटी, त्याचे ६१. म्हणजे सर्वांत कमी दराचे, एल-वन, आम्ही. पण पालिकेच्या सल्लागाराने पुढच्या दहा वर्षांचे पैसे आठ टक्के दराने आजच्या किमतीला आणले. तसं केलं की आमचे ५४.०८ कोटी होतात आणि त्याचे ५२.७८. लिफाफे तेच, रकमा त्याच, एल-वन बदलला. आठाऐवजी तीन टक्के धरले असते तरी तोच पुढे राहिला असता.

अशील संतापला होता. मला मात्र त्याला सांगावं लागलं की ही पद्धत चुकीची नाही. दहा वर्षांनी द्यायचा रुपया आजच्या रुपयाएवढा धरणं हेच खरं तर अडाणीपणाचं. तक्रारीला जागा होती ती वेगळी. टेंडरच्या अटींत ना या पद्धतीचा उल्लेख होता, ना आठ टक्क्यांचा. दर ठरला तो आर्थिक लिफाफे उघडल्यानंतर, म्हणजे कोणता दर कोणाला तारतो हे दिसू लागल्यावर. आधी अट आणि मग आकडे, हा क्रम इथे उलटा झाला.

वकिलांना तरीही हा मुद्दा पुरेसा वाटेना. नागपूर मेट्रोच्या ‘अफकॉन्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगून ठेवलंय की टेंडरचा अर्थ लावायला सर्वांत योग्य ते काढणारा. त्यात कपट किंवा विपरीतपणा असल्याशिवाय कोर्टाने आपला अर्थ लादू नये. पालिका म्हणणार, अट मोघम होती, आम्ही शास्त्रशुद्ध अर्थ लावला. ‘जगदीश मंडल’ निकालाची (२००६) कसोटी त्याहून कडक आहे. निर्णय कपटाचा, पक्षपाताचा किंवा कोणत्याही शहाण्या अधिकाऱ्याने घेतला नसता इतका अतार्किक आहे का, आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का? नसेल तर हात लावायचा नाही. दर बरोबर की चूक, हा कोर्टाचा प्रश्नच नाही.

मग आम्ही वाटाघाटींचं इतिवृत्त वाचायला घेतलं. अशा फाइलींत मला सर्वांत रस या कागदात असतो, कारण तो घाईत लिहिलेला असतो. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००७ च्या परिपत्रकानुसार टेंडरनंतरच्या वाटाघाटी अपवाद म्हणून, फक्त एल-वनशी आणि कारणं नोंदवूनच करायच्या. पालिकेवर ते थेट बंधनकारक नाही, पण त्यामागचं शहाणपण कोर्टाला ठाऊक असतं. इथे एल-वनला चर्चेला बोलावलं, त्याने थोडी रक्कम कमी केली आणि खाली एक ओळ होती : केंद्राचं वीजबिल पालिका भरेल. मूळ टेंडरमध्ये वीजबिल कंत्राटदाराच्या माथी होतं. सांडपाणी केंद्र चालवण्याच्या खर्चात विजेचा वाटा मोठा. आमच्या अशिलाने तो धरूनच १.८ कोटी लिहिले होते. ही सवलत त्याला माहीत असती तर त्याचाही दर खाली आला असता. घासाघीस करून पैसे उतरवणं वेगळं आणि एकट्यासाठी अट बदलणं वेगळं. याचिकेत पहिला मुद्दा हाच घ्यायचा, आठ टक्के दुसऱ्या क्रमांकावर, असं ठरलं.

अशिलाला हा क्रम पटत नव्हता. त्याच्या डोक्यात सरळ बेरजेतल्या फरकाचे ते एक कोटी बसले होते.

संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका उभी राहिली, तेव्हा समोरून कार्यारंभ आदेश आला. तो आधीच निघाला होता. इथून पुढे कायदा हरलेल्याच्या विरोधात वाहतो. विशिष्ट साहाय्य कायद्यात २०१८ मध्ये घातलेल्या कलम २०-अ नुसार पायाभूत प्रकल्पाला विलंब होणार असेल तर त्या कराराच्या दाव्यात मनाई हुकूम देता येत नाही. पाणी आणि स्वच्छता त्या यादीत आहेत. ‘एन. जी. प्रोजेक्ट्स’ निकालाने (२०२२) रिट याचिकांतही स्थगितीबाबत हात आखडता घ्यायला सांगितलं. आम्हाला स्थगिती मिळाली नाही.

बरोबर असूनही रिकाम्या हाताने परतणं या क्षेत्रात जुनं आहे. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचा ‘रमण दयाराम शेट्टी’ खटला (१९७९) कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. सरकारने स्वतः घातलेली पात्रतेची अट स्वतः मोडू नये, हे न्या. भगवतींनी त्यात सांगितलं. काम मिळालेला माणूस ती अट पुरी करत नव्हता, हेही मान्य केलं. तरी याचिकाकर्त्याला काही मिळालं नाही : तो उशिरा आला होता, दुसऱ्या कोणासाठी लढत असल्याचं दिसत होतं आणि समोरच्याने दरम्यान पैसे घातले होते.

जागतिक बँकेच्या २०१६ च्या खरेदी नियमांत यावर साधा उपाय आहे. निवड कोणाची आणि तुमची का नाही, हे हरलेल्यांना कळवायचं आणि सर्वसाधारणपणे कामकाजाचे दहा दिवस थांबून मगच करार करायचा. तो अवधी आपल्या प्रत्येक टेंडरमध्ये सक्तीचा व्हावा. दहा दिवसांनी कोणतंही सांडपाणी केंद्र रखडत नाही.

तोवर टेंडर भरणाऱ्यांनी एवढं करावं. दर कसे तोलणार, पुढचे पैसे आजच्या किमतीला आणायला किती टक्के धरणार आणि वीजबिल कोण भरणार, हे प्री-बिड बैठकीतच लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तिथे गप्प बसलेल्याला कोर्टात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.