हलका तंबू घेताना वाऱ्याचा हिशेब करा

उरूस, जत्रा आणि आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना पुष्कळदा मालाजवळच रात्र काढावी लागते. डोंगरावर पायी जायचे तर सारे बिऱ्हाड पाठीवर, म्हणून तंबू हलकाच हवा. परंतु एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा वारा सुटला की तकलादू तंबू मोडतो आणि उधारीवर उचललेला माल भिजतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० झाला तर त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो, हे ध्यानात ठेवावे.

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली, म्हणून आधी कापडाचे सांगतो. ९००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. आकडा लहान तितके सूत बारीक. मात्र नुसत्या आकड्यावर सौदा करू नये. कापडात जाड धाग्यांची चौकट विणलेली असेल तर त्यास रिपस्टॉप म्हणतात. फाट चौकटीपाशी अडते. नायलॉन वजनाच्या मानाने मजबूत, पण भिजले की सैल पडते व दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर कमी ढिले होते आणि उन्हात अधिक टिकते. सिलिकॉनचा लेप असलेले कापड सहसा लवकर फाटत नाही. पॉलियुरेथेनचा लेप स्वस्त पडतो, पण त्याने कापडाची फाटण्याविरुद्धची ताकद घटते.

आता काठ्या. फायबरग्लास स्वस्त, पण जड. मोडली तर तिच्या चिरफळ्या कापड फाडतात. चांगल्या प्रतीचे ॲल्युमिनियम हलके असून मोडण्याआधी वाकते. काठ्या एकमेकींना जितक्या जास्त ठिकाणी छेदतील, तितका सांगाडा ताठ. उंच, उभ्या भिंतींचा तंबू सारा वारा अंगावर घेतो. बुटका, उतरत्या बाजूंचा बरा.

पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच तंबू उभा करून मागावा. दोरी बांधण्याच्या जागी दुहेरी कापड आहे का, शिलाई दाट आहे का, बाहेरून ताण देण्यास पुरेशा दोऱ्या आहेत का, हे हात लावून पाहावे. उभारताना अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवावी, एकही दोरी सोडू नये, खुंट्या तिरप्या व खोल ठोकाव्यात. तंबूत चूल अगर मेणबत्ती पेटवू नये.

एवढे करूनही वादळाचा इशारा असेल किंवा विजा कडाडू लागल्या, तर माल झाकून सरळ पक्क्या इमारतीत जावे. माल पुन्हा भरता येतो, गेलेला जीव परत येत नाही.