मनीऑर्डरीवरचा संसार

कोकणात नि घाटावर एकेकाळी कितीतरी संसार मनीऑर्डरीवर चालत. नवरा मुंबईच्या कापडगिरणीत, बायको गावी शेतापाशी, म्हाताऱ्या माणसांपाशी. १९८२ च्या संपानंतर अनेकांची गिरणी सुटली, तोवर हे असेच चालले होते.

मुंबईने नवरा पळवला, असे म्हणणे सोपे. पण त्याचे बिऱ्हाड तरी पाहा! एका खोलीत दहा-पंधरा गडी, झोपायचे ते पाळीप्रमाणे, जेवण खाणावळीत. तिथे बायको आणणार कुठे? ओढ होती ती रोख पगाराची. शेतावर भागत नव्हते, हेही खरेच.

मला वाटते, खरी अडचण निराळीच होती. टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली. तिच्या फॉर्मवर चार शब्द लिहायला जागा असे. पण तिकडे लिहिणार खोलीतला कुणी शिकलेला, इकडे वाचणार पोस्टमन नाहीतर मास्तर, आणि ऐकायला सासू-सासरे हजर! मग दोघांनी एकमेकांशी बोलायचे काय? ‘पैसे पोचले, तब्येतीस जपणे.’ झाले.

माझे वडील गावी मास्तर होते. ते सांगत, उत्तर लिहून घेताना बाया मध्येच गप्प होत, पदराशी चाळा करीत. एक काकी मात्र पुढे रोज संध्याकाळी पाटी घेऊन येऊ लागली. सासूला सांगे, पोराचा अभ्यास घ्यायला जाते.